पोट दुखतंय म्हणते, आणि सोनोग्राफीत काहीच नाही

हातातलं काम चालू राहू द्या, कान फक्त इकडे द्या.

आज सुरुवात आपल्या स्वतःपासून करू. हप्त्याचा दिवस आहे, वसुलीवाला ओट्यावर येऊन बसलाय आणि घरात पैसे नाहीत. तेव्हा आपल्याला काय होतं? पोटात गोळा येतो. घशाला कोरड पडते. कुणाचं डोकं भणभणायला लागतं, कुणाचे हातपाय गळून जातात. तो उठून गेला तरी संध्याकाळपर्यंत मान धरलेली असते. अशा वेळी कुणी म्हणालं, "तुला काही झालेलं नाही, उगाच नाटकं करतेस," तर आपण काय म्हणू? म्हणू, ये, जरा माझ्या जागेवर बसून बघ.

जे आपल्याला होतं तेच लेकरांनाही होतं. फरक एवढाच की आपल्याकडे शब्द आहेत. आपण शेजारणीला सांगतो, "बाई, हप्त्याच्या विचारानं डोकं उठलंय." सात-आठ वर्षांच्या लेकराला त्यातलं 'विचारानं' जोडता येत नाही. त्याला नुसतं दुखणं कळतं. ते म्हणतं, "आई, पोट दुखतंय." आणि आपण पोटाकडेच बघत बसतो.

निफाड तालुक्यातल्या एका ताईंची गोष्ट सांगतो. "सांगा, पण नाव-गाव सांगू नका," असं त्याच म्हणाल्या. म्हणून ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी आम्ही बदलल्या आहेत. २०२३ चा नोव्हेंबर आठवत असेल. २६ तारखेला अवकाळी पाऊस आणि गारा आल्या, निफाड भागातल्या कितीतरी द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. पुढे बाराच दिवसांनी, ८ डिसेंबरला, कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि लासलगावचे भाव पडले. या ताईंच्या घरी बागही होती आणि कांदाही. दोन्हीकडून मार बसला. बागेवरचं कर्ज तसंच राहिलं आणि ताई दुसऱ्यांच्या बागेत रोजानं जायला लागल्या.

त्यांची मुलगी तिसरीत. डिसेंबरच्या मध्यापासून तिचं पोट दुखायला लागलं. सकाळी वेणी घालायला बसवलं की बेंबीपाशी हात धरायची, अंगाचं मुटकुळं करायची, कधी ओकारी यायची. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दुसऱ्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. तरी थांबेना, म्हणून उसने पैसे घेऊन नाशिकला नेलं. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं झालं. सगळं चांगलं निघालं. "काही नाही हिला, शाळा चुकवायचे धंदे आहेत," असं ऐकून मायलेकी परत आल्या. त्या रात्री वडिलांनी तिला दोन ठेवून दिल्या. आजीनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट होतं तसंच दुखत होतं.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण सगळी गफलत इथेच होते. तपासणीत काही निघालं नाही म्हणजे दुखत नाही, असं नसतं. दुखणं खरंच असतं. आपल्या आतड्यांच्या भिंतीत मज्जापेशींचं मोठं जाळं आहे, दहा कोटींहून जास्त पेशींचं, आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं. भीती वाटली, काळजी लागली की मेंदू शरीराला पळायला नाहीतर भांडायला तयार करतो. हृदय जोरात धडधडतं, रक्त हातापायांकडे जातं, पोटाचं काम विस्कटतं, आतडी आवळतात. मान-खांद्याचे स्नायू ताठतात आणि त्यातून डोकं दुखतं. वाघ समोर आला तर हे चांगलंच आहे. पण वाघ रोज घरातच बसलेला असेल, तर पोट रोजच आवळतं. आणि असं आवळलेलं पोट सोनोग्राफीत दिसत नाही. सोनोग्राफीत खडा दिसतो, गाठ दिसते, सूज दिसते. भीती दिसत नाही.

हे काही आपल्याच गावातलं नवल नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरात जॉन ॲप्ले नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी हजार शाळकरी मुलं तपासून १९५८ साली लिहून ठेवलंय की साधारण दहातल्या एका मुलाला असं परत परत पोट दुखण्याचा त्रास होता, आणि त्यातल्या बहुतेकांच्या शरीरात काही बिघाड सापडला नाही. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात तीनेक लेकरं. आपल्या शाळेत डोळ्यांपुढे आणा, नावं सुद्धा आठवतील.

मात्र मैत्रिणींनो, हे ऐकून कुणी उद्यापासून "मनाचं आहे, जाऊ द्या" म्हणू नका. आधी एकदा नीट तपासणी हवीच. जंत असू शकतात. वर्षातून दोनदा शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती चुकली होती का ते बघा. मुलींना लघवीचा संसर्ग होतो, कारण शाळेच्या संडासाला कडी नसते आणि त्या दिवसभर लघवी धरून बसतात. शौचाला कडक होणं हे तर अगदी साधं कारण, आणि तेच विचारायचं राहून जातं. डोकं दुखत असेल तर डोळे तपासा, फळ्यावरचं दिसत नसेल. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबक या आपल्या आदिवासी भागात सिकलसेल आहे. त्यात हातपाय, सांधे आणि पोट फार दुखतं, आणि ते दुखणं रक्ताचं असतं, मनाचं नसतं. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

आणि काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर वाट बघायची नाही. दुखण्यानं लेकरू झोपेतून उठतं, वजन घटतंय, ताप आहे, शौचातून रक्त पडतंय, हिरवी उलटी होते, सांधा सुजलाय, किंवा पोटात उजवीकडे खाली दुखतंय आणि हात लावू देत नाही. ॲप्ले साहेबांचाच एक ठोकताळा डॉक्टर लोक अजून वापरतात: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी शरीरातल्या आजाराची शंका जास्त. ठोकताळाच आहे तो, पण लक्षात ठेवायला सोपा.

एकदा नीट तपासून झालं की मग दवाखाने बदलत हिंडू नका. आमचं स्पष्ट मत आहे की या पोरीला लावलेल्या सलाईननं तिचं नुकसानच केलं. सलाईन म्हणजे मिठाचं, नाहीतर साखरेचं पाणी. लेकराच्या हाताला सुई टोचून, बाटली टांगून, चार माणसं उशापायथ्याशी उभी राहिली, की त्याला कळतं, मला काहीतरी मोठं झालंय. भीती वाढते, पोट आणखी आवळतं. पण आपल्याकडे सुई दिली नाही तर डॉक्टरच बरोबर नाही असं आपणच म्हणतो, तेव्हा दोष एकट्या डॉक्टरांचा नाही.

आता त्या ताईंकडे परत जाऊ. आमच्यातल्या आशाताई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा त्यांनी औषध दिलं नाही. भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि म्हणाल्या, ज्या दिवशी दुखेल त्या चौकोनात फुली मारा. बाजूला वेळ लिहा, आणि त्या दिवशी घरात वेगळं काय होतं तेही लिहा. कुणी आलं होतं का, भांडण झालं का, कोण घरी होतं, कोण नव्हतं. बास. तीन आठवडे.

आपल्या सगळ्यांना वाटलं होतं, शाळेत काहीतरी असणार. रविवारी दुखत नाही, सुटीत दुखत नाही, मग शाळेचाच त्रास, असा साधा हिशेब असतो, आणि बऱ्याचदा तो बरोबरही येतो. वाचता येत नाही म्हणून, छडीला भिऊन, कुणी चिडवतं म्हणून. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानं बंदी आहे, तरी मार थांबलेला नाही, हे आपल्यालाही माहीत आहे. पण या कालनिर्णयावर दोन रविवारी सुद्धा फुल्या होत्या. आणि मधल्या दोन शाळेच्या दिवशी काहीच नव्हतं, पोरगी हसत शाळेत गेली होती. ताई बराच वेळ बघत बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. ज्या दिवशी त्या थिनिंगला गेल्या त्या दिवशी फुली. ज्या दिवशी काम मिळालं नाही, त्या घरी राहिल्या, त्या दिवशी फुली नाही.

तरी 'का' ते कळेना. "तुला कसली भीती वाटते?" असं समोर बसवून विचारलं तर लेकरं "काही नाही" म्हणतात. मोठी माणसं तरी कुठे सांगतात! मुलं बोलतात ती शेजारी बसल्यावर, हाताला काम असताना, डोळ्याला डोळा नसताना. मेथी निवडताना, शेंगा फोडताना, डोक्याला तेल लावून घेताना. ताईंनी तसंच केलं. एका रात्री तेल लावता लावता सहज म्हणाल्या, "मी कामाला गेले की घर कसं वाटतं गं तुला?" पोरगी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा एकटे असतात."

डिसेंबरात एका रात्री वडील फोनवर कुणाला तरी म्हणाले होते, "आता जगून काय करायचं." मोठ्यांना वाटलं होतं, पोरगी झोपली आहे. ती जागी होती. गावात आधी काय काय घडलंय ते तिलाही ठाऊक होतं, शाळेत पोरं बोलतात. तिनं कुणाला सांगितलं नाही. आई घरी असली की ती शाळेत जाई. आई कामाला गेली की पोट दुखे, ती घरी राही, आणि वडिलांच्या मागे मागे फिरे. आठ वर्षांची पोर घरात राखण करत होती.

तिनं ठरवून पोट दुखवलं नव्हतं, हे परत सांगतो. तिचं पोट खरंच दुखत होतं. पण ते दुखलं की तिला घरी राहायला मिळत होतं, हेही शरीराला कळलं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. याला नाटक म्हणत नाहीत.

पुढे काय केलं? आधी वडिलांचं बघितलं, कारण आग तिथे होती. ताईंनी दीर आणि चुलत सासऱ्यांना विश्वासात घेतलं. फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप घालून किल्ली दिरांकडे दिली. ही गोष्ट आपण सगळ्यांनीच घरी करावी अशी आहे, कुणी काही बोललेलं असो वा नसो. ताईंनी नवऱ्याला सरळ विचारलं, "मरायचं मनात येतं का?" असं विचारल्यानं डोक्यात नसलेलं भरतं, ही आपली समजूत चुकीची आहे. विचारलं की माणूस मोकळा होतो. ते रडले. दिरांनी त्यांना नाशिकला जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात नेलं. तिथे औषधं चालू झाली.

मग मुलीचं. वडिलांनीच तिला जवळ घेऊन सांगितलं, "मी त्या दिवशी तसं बोललो, मला फार त्रास होत होता. आता मी डॉक्टरांकडे जातो, काका रोज येतात. माझ्याकडे बघायला मोठी माणसं आहेत. ते तुझं काम नाही." लेकराला खोटं सांगू नये. "काही झालं नाही, तू अभ्यास कर," म्हटलं की ते आणखी घाबरतं, कारण झालंय हे त्याला दिसत असतं. पण कर्जाचे आकडेही त्याच्यापुढे मांडू नयेत.

सकाळी पोट दुखलं तर काय बोलायचं, तेही ताईंनी आशाताईंकडून घेतलं होतं. शब्द जवळजवळ असे होते: "दुखतंय ना? मला माहीत आहे खरंच दुखतं. डॉक्टरांनी बघितलंय, आत काही बिघडलेलं नाही. काळजी लागली की पोट आवळतं, थोड्या वेळानं सुटतं. चल, सावकाश श्वास घेऊ, मग वेणी घालू." नाकानं श्वास घ्यायचा, पोटावर हात ठेवून तो फुगू द्यायचा, आणि फुंकर घालत हळूहळू सोडायचा. चुलीवर फुंकणीनं जाळ धरताना घालतो तशी लांब फुंकर. दहा वेळा. मग शाळा. बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं: दुखलं तर दहा मिनिटं तुमच्याजवळ बसू द्या, पाणी द्या, घरी पाठवू नका, परत वर्गात बसवा. मधल्या सुटीत एकदा वडिलांचा फोन बाईंच्या मोबाईलवर यायचा. आधी रोज, मग एक दिवसाआड, मग गरज राहिली नाही.

शाळा चालू ठेवण्यावर आम्ही जोर देतो त्याला कारण आहे. आठ दिवस घरी राहिलं की अभ्यास मागे पडतो, मैत्रिणी दुसरीकडे जोडल्या जातात, आणि नवव्या दिवशी जाण्याची भीती पहिल्यापेक्षा मोठी होते. दुसरं असं, की दुखलं तरच आईची मांडी, दुखलं तरच गोड शिरा, असं होऊ देऊ नका. मांडी द्याच, पण न दुखणाऱ्या दिवशी जास्त द्या. दिवसभर "आता कसं वाटतंय, अजून दुखतंय का" असं विचारू नका. आपण विचारलं की ते परत पोटाकडे बघतं. हे सगळ्यात अवघड आहे, आमच्यातल्या एकीलाही ते जमलेलं नाही.

सगळ्यांची गोष्ट अशी नसते. पेठ-सुरगाण्याहून आईबाप द्राक्षाच्या हंगामाला निफाड-दिंडोरीकडे येतात आणि लेकरं आश्रमशाळेत नाहीतर आजीजवळ राहतात. त्यांचं डोकं दुखतं, हातपाय दुखतात, रात्री अंथरूण ओलं होतं. त्यांना "लवकर येऊ" सांगू नका, लवकर म्हणजे किती ते लेकराला कळत नाही. "होळीला येऊ" सांगा, आणि या. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन करा. दोनच मिनिटं बोला, पण चुकवू नका.

थोड्या मोठ्या मुलींना कधी कधी झटके आल्यासारखं होतं, दातखीळ बसते, हाताची बोटं वळतात, आणि मग घरात धावपळ होते, अंगात आलं म्हणून. जोरजोरात श्वास घेतला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानं बोटांना मुंग्या येतात, ती वळतात. सावकाश श्वास घेतला की सुटतात. पण मिरगीही असू शकते, आणि फरक डॉक्टरांनीच करायचा असतो. तोंडात काही घालू नका, नाकाला चप्पल-कांदा लावू नका, कुशीवर वळवा, आणि कुणीतरी मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. दृष्ट काढायला आमची हरकत नाही, मीठमोहऱ्यांनी कुणाचं वाईट होत नाही. पण कुणी चटके दे, मार, धूर कोंड असं सांगितलं तर तिथून उठून या. भूत उतरवायच्या नावाखाली असं करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

एक गोष्ट जड आवाजानं सांगावी लागते. लेकरू एका ठरावीक माणसाला बघून आक्रसतं, एका घरी जायचं म्हटलं की पोट धरतं, लघवीच्या जागी दुखतं म्हणतं, तर ते कोण आहे, आपल्यातलाच आहे का, याचा विचार आधी करू नका. आधी लेकरावर विश्वास ठेवा. परत परत खोदून विचारू नका, चारचौघांत बोलू नका. १०९८ हा मुलांसाठीचा फुकट नंबर आहे, रात्रीही लागतो. २०१२ च्या पोक्सो कायद्यात अशा मुलांची तक्रार कशी घ्यायची ते ठरवून दिलंय.

मदत कुठे मिळेल? गावात आशाताई आणि आरोग्य उपकेंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६, त्याला टेलीमानस म्हणतात. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र आहे, आणि मराठीत बोलता येतं. मुलाबद्दल विचारा, नवऱ्याबद्दल विचारा, स्वतःबद्दलही विचारा. नाशिकला जिल्हा रुग्णालयात जाणार असाल तर जुने कागद, सोनोग्राफी, सगळं घेऊन जा, म्हणजे त्याच तपासण्या परत कराव्या लागणार नाहीत. आणि कालनिर्णयाचं ते पानही घ्या. डॉक्टर ते आधी बघतील.

त्या मुलीचं पोट एकदम थांबलं नाही. जानेवारीत आठवड्याला तीन-चार फुल्या होत्या, होळीपर्यंत एखादी. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात परत तीन आल्या, ताई घाबरून आशाताईंकडे धावत आल्या. आशाताई म्हणाल्या, परीक्षा कुणाला होती? तेव्हा दोघी हसल्या. आता पोरगी स्वतःच सांगते, "आई, आज पोटात गोळा आलाय, बाईंनी मला पुढे येऊन कविता म्हणायला सांगितलीय." फुली मारायची पेन्सिल अजून खिळ्याला दोऱ्यानं बांधलेली आहे. ती सध्या वडील वापरतात, रोजच्या गोळीची खूण करायला.